वानेरा, बालंक्या, शेवरा

उदगीर-देवणीच्या पट्ट्यात कुणी जनावर विकायला काढलं, की घेणारा माणूस पहिल्यांदा दूध विचारत नाही आणि दातही बघत नाही. तो विचारतो, "काय हाय? वानेरा हाय का बालंक्या?" बाहेरच्या माणसाला हे शब्द कळत नाहीत. कुणाला ती जनावरांची नावं वाटतात, कुणाला गावांची. पण ते रंग आहेत, म्हणजे रंगाची ठेवण आहे. देवणी ही जात एक, आणि तिच्यात रंगाच्या ठेवणी तीन. वानेऱ्याचं अंग पांढरंशुभ्र असतं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. वानराच्या तोंडासारखं तोंड म्हणून वानेरा, असं आमच्याकडे सांगतात. बालंक्या वरून स्वच्छ पांढरा, पण पोटाखालच्या अंगाला काळे ठिपके. आणि शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे डाग कुठंही पडलेले, लहानमोठे, वेडेवाकडे. शिंगं, कान, कपाळ, वशिंड बघितलं तर तिन्ही एकाच घरातली भावंडं.

हे रंग आपोआप तसे राहिले नाहीत. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी ते निवडले आणि राखले. ज्यांनी राखले त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांच्याकडं वही नव्हती, सरकारी शिक्का नव्हता. त्यांनी हा उद्योग का केला आणि आज तो कुणाच्या हातात आहे, हे सांगायचं म्हणून हा लेख.

देवणी आता लातूर जिल्ह्यातला तालुका आहे. पूर्वी हा सगळा भाग उदगीर तालुक्यात होता, आणि उदगीर होतं बिदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. १९५६ साली भाषावार प्रांत झाले तेव्हा उदगीर मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आलं आणि बिदर, भालकी, औराद म्हैसूर राज्यात गेलं. लातूर जिल्हा तर १९८२ चा. माणसांच्या हद्दी अशा तीनदा बदलल्या, जनावरांची हद्द तीच राहिली. आजही भालकीच्या बाजारातला देवणी बैल आणि उदगीरच्या बाजारातला देवणी बैल शेजारी उभे केले तर कुठला कुठल्या राज्यातला हे देवालाही सांगता येणार नाही. बालाघाटच्या डोंगररांगेत ही जनावरं वाढली म्हणून जुनी माणसं त्यांना 'डोंगरपट्टी' म्हणायची. देवणी हे नाव पुढं पक्कं झालं.

ही जात आली कुठून? जाणकार असं मानत आले आहेत, की गुजरातची गीर, सह्याद्रीच्या घाटातली डांगी आणि इथली गावठी गाय यांच्या मिसळीतून साधारण दोनशे वर्षांत ही जात उभी राहिली. देवणीचं पुढं आलेलं कपाळ आणि लोंबते कान बघितले की गीर आठवतेच. डांगीचा धागा रंगात दिसतो. इगतपुरी-अकोल्याकडची डांगी पांढऱ्यावर काळ्या नाहीतर तांबड्या डागांची असते, आणि तिच्या कातडीला तेलासारखा ओशटपणा असतो, म्हणून मुसळधार पावसातही ती उभी राहते. आमच्या शेवऱ्याचे विस्कटलेले डाग मला तिकडचे वाटतात. हा माझा अंदाज. पण दोनतीन रक्तं एकत्र आल्यावर रंगाचा गोंधळ व्हायला हवा होता. तो न होता तीन ठरीव ठेवणी तयार झाल्या, हे मात्र डोळ्यांनी दिसतं. गोंधळातून ठेवण काढायची तर माणसाचा हात लागतोच.

माणसाचा हात लागतो याचा दुसरा पुरावा आमच्या शेजारीच आहे. उदगीरहून उत्तरेला बैलगाडीनं दोन मुक्काम केले की कंधार येतं. कंधारची जात लाल कंधारी. ती गडद लाल, नखशिखांत एका रंगाची. वळूचा लाल रंग गाईपेक्षाही गडद, काळपटाकडं झुकणारा. चौथ्या शतकात कंधारला सोमदेवराय नावाचा राजा होता आणि त्यानं ही जात जोपासली, अशी आख्यायिका सांगतात. राजाचं खरंखोटं राहू द्या. माती जवळजवळ तीच, पाऊस तोच, कडबा तोच, आणि तरी एका पट्ट्यात जनावर लाल तर दुसऱ्या पट्ट्यात पांढऱ्यावर काळं. लाल कंधारीवाल्याच्या दावणीत पांढरा ठिपका असलेलं वासरू जन्मलं तर त्याला खोट समजतात. देवणीवाल्याच्या दावणीत तांबूस झाक आली तर तीच गत. हा फरक हवेनं किंवा पाण्यानं पडलेला नाही, माणसाच्या पसंतीनं पडलेला आहे.

आता ही पसंती चालायची कशी ते सांगतो. गावात गाई शंभर असल्या तरी वळू एक नाहीतर दोन. सगळा कारभार त्या एकदोन वळूंवर. वळू कुणाचा ठेवायचा हे पारावर ठरायचं. माझे आबा त्या बैठकीत असायचे. चांगल्या गाईचा गोऱ्हा दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्यावर नजर असायची. कान कसे, पाय कसे, वशिंड कसं, चालतो कसा आणि रंग कसा. जो पसंत पडेल तो देवाच्या नावानं सोडायचा. बाकीचे गोऱ्हे वेळेवर बडवून बैल करायचे. म्हणजे न पटणारा रंग पुढच्या पिढीत जायचा रस्ता तिथंच बंद. सोडलेल्या वळूला कुणी दावं लावायचं नाही. तो कुणाच्याही रानात शिरला तर शिव्या खायचा, पण काठी खायचा नाही.

देवाच्या नावानं वळू सोडायची रीत फार जुनी. धर्मशास्त्रात त्याला वृषोत्सर्ग म्हणतात, आणि त्यात 'नीलवृष' सगळ्यांत उत्तम सांगितला आहे. गंमत अशी, की हा नीलवृष निळा नाही. तांबड्या अंगाचा, तोंड आणि शेपूट पांढुरकं, खूर आणि शिंगं पांढरी, असं त्याचं वर्णन आहे. म्हणजे पैदाशीचा वळू कोणत्या रंगाचा असावा याचा विचार पोथीपर्यंत गेलेला होता. आमच्या पारावर पोथी कुणी वाचली नव्हती. त्यांची पोथी बाजार.

बाजार म्हणजे हाळी-हंडरगुळीचा. उदगीर तालुक्यातला हा गुरांचा बाजार सगळ्या मराठवाड्यात आणि कर्नाटकात ठाऊक आहे. तिथं बैल एकटा विकला जात नसे, जोडी विकली जाई. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरायचा, बघणाऱ्याला काही कळायचं नाही. आबा मला एकदा म्हणाले, "आरं, जोड लागली पायजे. एकटा बैल घिऊन काय देवळात बांधायचाय का?" जोड लागणं म्हणजे उंची सारखी, शिंगं सारखी, चाल सारखी, आणि रंग सारखा. वानेऱ्याला वानेराच पाहिजे. एक वानेरा आणि एक शेवरा अशी जोडी औताला चालते, नांगर काही रंग बघत नाही. पण विकायला नेली की भाव पडतो.

मला वाटतं तिन्ही ठेवणी टिकण्याचं खरं कारण हेच. हौस होतीच, पण हौशीला पैशाचं बळ मिळालं म्हणून ती दोनशे वर्षं टिकली. ज्या गावात वानेरा वळू, त्या गावात वानेऱ्याची जोड सहज लागायची. पाच कोसांवरच्या गावात बालंक्या वळू, तिथं बालंक्याची जोड. शेवऱ्याची जोड लावणं सगळ्यांत अवघड, कारण डागाला डाग जुळत नाही. म्हणून जुळलेली शेवऱ्याची जोडी हा बाजारात बघण्याचा विषय असायचा. लोक न विकत घेणारेसुद्धा गोळा व्हायचे.

पांढऱ्या रंगाला आणखी एक कारण होतं. पांढरे केस ऊन परतवतात आणि खालची काळी कातडी उन्हाचा दाह सोसते. चैत्र-वैशाखात दिवसभर नांगरट करायची तर असा बैल लवकर धापा टाकत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या खिल्लारवाल्यांनी हेच टोकाला नेलं. आटपाडी, म्हसवड, सांगोला या दुष्काळी पट्ट्यातली खिल्लार सगळी पांढरी नाहीतर करडी. खिल्लारचं वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या टाळूवर तांबूस छटा असते आणि दोनतीन महिन्यांत ती निघून जाते. नवखा माणूस ती छटा बघून वासराला नावं ठेवतो, जुना माणूस गालात हसतो. म्हसवडकडच्या वळूच्या खांद्यावर आणि मागच्या अंगावर काळपट झाक असते, बडवला की ती फिकी पडते. तापी खोऱ्यातल्या खिल्लारचं नाक आणि खूर गाजराच्या रंगाचे. हे सगळे बारकावे खरसुंडीच्या यात्रेत उभं राहून ऐकावेत. तिथल्या माणसाला तुम्ही फक्त 'पांढरा बैल' म्हणालात तर तो तुमच्याकडं दयेनं बघेल. त्याच्याकडं पांढऱ्यातही कोसा आहे, काजळी आहे.

मी नोकरीला लागलो आणि मुंबईत खारदांड्याला खोली घेतली. एका बाजूला कोळीवाडा, वाळत घातलेले बोंबील, बंदरात होड्या. दुसऱ्या बाजूला खारच्या इमारती. गाय दिसायची ती देवळासमोर चारा घेऊन बसलेल्या बाईची. रंगाच्या पैदाशीचा विषय तिथं पुन्हा निघेल असं वाटलं नव्हतं. पण शेजारच्या नाखव्याच्या मुलानं क्रॉफर्ड मार्केटमधून सशांची जोडी आणली. मादी पांढरी, लाल डोळ्यांची. नर करडा, रानसशासारखा. महिन्याभरानं पाच पिल्लं झाली, पाचही करडी. पोरगं धावत आलं, "काका, आई पांढरी आणि एक पण पिल्लू पांढरं कसं नाय?" मी म्हटलं थांब जरा. त्या पिल्लांतली जोडी मोठी झाली आणि तिला सहा पिल्लं झाली. त्यांत दोन पांढरी. आजीचा रंग नातवंडांत आला होता.

आमच्याकडं यालाच 'आजोळावर गेलं' म्हणतात. युरोपात ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्यांवर प्रयोग करून १८६६ साली याचा हिशोब छापला, आणि १९०० पर्यंत त्याच्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. मग बघितलं तेव्हा प्राण्यांवर पडताळा घ्यायला ससे फार उपयोगी पडले. अमेरिकेत हार्वर्डच्या विल्यम कॅसलनं १९०५ साली ससे आणि गिनिपिग यांच्या केसांचा रंग पिढ्यांतून कसा उतरतो यावर पुस्तिका काढली. सशांचं एक बरं असतं. महिन्यात वीत, सहा महिन्यांत पिल्लं वयात. गाईच्या एका पिढीला चार वर्षं लागतात, तेवढ्यात सशाच्या पाचसहा पिढ्या बघून होतात. आमच्या पारावरच्या मंडळींनी जे दोनशे वर्षांत केलं, ते सशांचे हौशी लोक पंधरावीस वर्षांत करत.

आणि त्यांनी केलंही. १९१३ साली फ्रान्समध्ये दिबोव्स्की नावाच्या माणसानं चिंचिला ससा प्रदर्शनात मांडला. दक्षिण अमेरिकेत चिंचिला नावाचा एक छोटा प्राणी आहे, त्याची फर सोन्याच्या भावानं विकली जाई. तसाच रुपेरी करडा रंग सशात उतरवला, की स्वस्तात तशीच फर मिळते. १९१९ साली फ्रान्समध्येच एका खेड्यात मखमलीसारख्या आखूड केसांची पिल्लं जन्मली. तिथल्या पाद्र्यानं ती राखली, त्यातून रेक्स ससा झाला. हिमालयन नावाचा ससा तर त्याहून जुना, डार्विननं १८६८ च्या ग्रंथात त्याच्याबद्दल लिहिलं आहे. हा सगळा पांढरा, पण नाक, कान, पाय आणि शेपूट काळी. जणू सशातला वानेराच. त्याचं काळं थंडीनं येतं. शरीराचा जो भाग गार राहतो तिथंच काळा रंग तयार होतो. पाठीचे केस काढून तिथं गारवा दिला तर पाठीवरही केस काळे उगवतात. आमच्या वानेऱ्याचं काळं तसं नाही, तो थंडीत जन्मला काय आणि उन्हाळ्यात जन्मला काय, तोंड काळंच.

या सशांच्या गोष्टीत मला आमच्या गुरांची गोष्ट दिसते. चिंचिला ससा फरसाठी घडवला. पुढं फरचे कोट घालणं कमी झालं, फरचा धंदा बसला. ससा मात्र राहिला, कशासाठी तर प्रदर्शनासाठी. परीक्षक केसांवर फुंकर मारून बघतो, मुळाशी कुठला रंग, मध्ये कुठला, टोकाला कुठला. कामाचं कारण गेलं आणि रंग तेवढा उरला. आमच्याकडं नेमकं हेच झालं, फक्त पन्नास वर्षं उशिरा.

आमच्याकडं सुरुवात दुष्काळानं झाली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या दावणीला सात जनावरं होती, पाऊस पडला तेव्हा तीन उरली. दोन छावणीत गेली, दोन आबांनी मिळेल त्या भावाला विकली. गावच्या बालंक्या वळूला छावणीत नेणारं कुणी नव्हतं, कारण तो कुणाचाच नव्हता. देवाचा होता. सगळ्या गावानं मिळून कडबा घालायचा तर गावाकडंच कडबा नव्हता. तो वळू गेला आणि पुन्हा आमच्या गावात वळू सोडला गेला नाही.

त्याच काळात दुधाचं वारं आलं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ सुरू केली होती, सरकारी दवाखान्यातून संकरित पैदाशीचा कार्यक्रम गावोगाव पोचत होता. उदगीरला सरकारी दूध भुकटीचा कारखाना झाला. देवणी गाय एका वेताला सरासरी साडेआठशे-नऊशे किलो दूध देते. संकरित गाय त्याच्या दुप्पट-तिप्पट. ज्याच्या घरात पोरीचं लग्न आहे, सोसायटीचं कर्ज आहे, त्यानं संकरित गाय घेतली तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. आमच्या घरातही आली. तिच्या दुधावर मी शिकलो. दवाखान्यातून माणूस यायचा, गाईला इंजेक्शन द्यायचा आणि जायचा. वळू बघायला पारावर बैठक बसायचं कारणच राहिलं नाही.

मग ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरनं बैल कमी केले हे सगळे जण लिहितात. त्यानं जोडी मोडली हे कुणी लिहीत नाही. शंभर घरांच्या गावात चार जोड्या उरल्या तर जोड लावायला पाच कोस फिरण्याची गरज काय? मिळेल त्याच्या शेजारी मिळेल तो जुंपायचा. जोड लावण्याचे जास्तीचे पैसे गेले आणि त्याबरोबर रंग राखण्याचं रोकडं कारण गेलं.

यात सगळ्यांत वाईट गत झाली शेवऱ्याची. त्याचं कारण होल्स्टिन. आमच्याकडं सगळ्या संकरित गाईंना सरसकट 'जर्शी' म्हणतात, पण त्यांतल्या बऱ्याच होल्स्टिनच्या रक्ताच्या, आणि होल्स्टिनचा रंग पांढऱ्यावर काळे डाग. आता बाजारात पांढऱ्यावर काळ्या डागांचं जनावर दिसलं की घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते, हे शुद्ध आहे का? विकणारा शपथा घेतो. घेणारा कान बघतो, वशिंड बघतो, गळ्याची पोळी हातात धरून बघतो, तरी मनातली पाल चुकचुकते. शेवऱ्याचा दोष एवढाच, की परदेशी गाईशी त्याची वरवरची तोंडओळख निघाली. वानेऱ्याची तशी अडचण नाही. पांढरंशुभ्र अंग आणि काळं तोंड लांबूनही देवणीचं म्हणून कळतं. फोटोतही उठून दिसतं. ज्याला शुद्ध देवणी पाळायची हौस आहे तो आता वानेराच मागतो.

हौस मात्र वाढली आहे, हे कबूल करायला पाहिजे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री सगळं तिथं येतं, आणि लाल कंधारी आणि देवणी जनावरांचं प्रदर्शन भरतं. नगर जिल्ह्यात राजूरला डांगी जनावरांचं भरतं. पूर्वी अशा ठिकाणी विकायला आणलेलं जनावर असायचं. आता खास प्रदर्शनासाठी वाढवलेलं जनावर असतं. त्याला औत माहीत नाही, मोट माहीत नाही. खुराक, रोजची धुलाई, शिंगांना तेल, शेपगोंड्याला फणी. मालक त्याच्या शेजारी फेटा बांधून उभा. मला त्यात टिंगल करण्यासारखं काही दिसत नाही. बक्षिसाच्या आशेनं का होईना, वळू राखणारा माणूस पुन्हा तयार झाला, आणि आज वळू राखणारा माणूस फार मोलाचा आहे.

पण प्रदर्शनाच्या मंडपाचा एक धोका असतो, आणि तो सशांच्या हौशी लोकांनी आपल्या आधी बघितला आहे. इंग्लिश स्पॉट नावाचा ठिपक्यांचा ससा आहे. पाठीवर एक सरळ काळी रेघ, कुशीवर साखळीसारखे ठिपके, नाकावर फुलपाखराच्या आकाराचा डाग. बक्षीस अशाच सशाला. पण हा रंग सरळ उतरत नाही. असे दोन ससे एकत्र केले तर साधारण चौथाई पिल्लं जवळजवळ पांढरी निघतात, नाकाखाली थोडासा डाग, चार्ली चॅप्लिनच्या मिशीसारखा. त्यांना 'चार्ली'च म्हणतात. या चार्ली पिल्लांत आतड्याचा विकार पुष्कळ. म्हणजे केसांवरच्या ठिपक्याचा धागा पार पोटात आतड्यापर्यंत गेलेला. परीक्षकाला आतडं दिसत नाही, त्याला ठिपके दिसतात.

देवणीत असलंच काही आहे असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की वरून एका रंगाची ओढ लागली की खाली बाकीचं काय काय ओढलं जातं ते बघावं लागतं. बक्षीस मिळालेल्या वळूला मागणी येते. त्याच्याच मुली, त्याच्याच नाती, आणि फिरून त्याचाच मुलगा. पूर्वी दर पाच कोसांवर वेगळा वळू होता, रंगही वेगळा आणि रक्तही वेगळं. तीन ठेवणी म्हणजे नुसती शोभा नव्हती. एकाच जातीत रक्ताच्या वेगवेगळ्या वाटा उघड्या ठेवणारी ती गावरान सोय होती, करणाऱ्यांना तशी कल्पना असो वा नसो. बालंक्या आणि शेवरा गेले तर देवणी जात कागदावर राहील, पण तिच्या तीन वाटांतल्या दोन बुजलेल्या असतील.

याला उपाय अवघड नाही. प्रदर्शनात देवणीचा एकच गट न ठेवता वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन गट करावेत आणि तिन्हींना सारखं बक्षीस द्यावं. बक्षिसाच्या वळूबरोबर त्याचा बाप आणि आजा कुठल्या दावणीचे हे विचारावं. इंजेक्शन देणाऱ्या माणसानं रेतमात्रा कुठल्या ठेवणीच्या वळूची हे मालकाला सांगावं, आणि मालकानं ते विचारावं. पैसे लागत नाहीत, विचारायची सवय लागते. पारावर ती सवय होती. आता पार मोकळा आहे, तर ती मंडपात लावावी.

माझा धाकटा भाऊ गावीच असतो. त्याच्याकडं तीन संकरित गाई आणि एक देवणी. देवणी आईच्या हट्टापायी ठेवलेली. गेल्या वर्षाआधी ती माजावर आली तेव्हा त्यानं दवाखान्याला फोन केला नाही. बावीस किलोमीटरवर एकाकडं बालंक्या वळू असल्याचं त्यानं ऐकलं होतं. गाय टेम्पोत घातली आणि घेऊन गेला. टेम्पोचं भाडं इंजेक्शनच्या कितीतरी पट झालं, वर दिवस मोडला. घरातले ओरडले. "डाग पायजेत म्हणून टेम्पो करतोस का?" असं आई म्हणाली, पण तिच्या आवाजात राग नव्हता. नऊ महिन्यांनी कालवड झाली. वरून पांढरी आहे. पोटाखाली काळे ठिपके आहेत, मी मोजले, अकरा.